घासलेलं कडं

“हाई मन्ही मायनं कडं नही शे,” धनुबाई म्हणाली. काउंटरवरच्या कड्याला तिने हातही लावला नाही.

कुंदनने कडं उचलून पुन्हा उजेडात धरलं. नंदुरबारात फोटो स्टुडिओ चालवणारा हा माणूस स्वतः दुसऱ्यावर संशय घेण्यात पटाईत. सकाळी ही खापर गावची बाई चांदीचं जाड कडं घेऊन आली आणि सगळ्या बाजूंनी फोटो पाहिजे म्हणाली, तेव्हा त्याला आधी चोरीचा मालच आठवला. त्याने खोदून खोदून विचारलं. तिने न चिडता सांगितलं, की आई गेली, त्यांच्या घरी सासूचं कडं सुनेकडे जातं, म्हणून संध्याकाळी हे भावाच्या बायकोला द्यायचं. लेकीकडे निदान फोटो असावा. तरी कुंदनने तिचं आधार कार्ड बघितलंच.

ती बाजारात गेली आणि तो कामाला लागला. चांदीचा फोटो काढणं म्हणजे कटकट, समोर असेल ते सगळं तिच्यात उमटतं, फोटोग्राफरचं तोंडसुद्धा. त्याने दिव्यापुढे बटर पेपर लावून उजेड मऊ केला, नक्षी उठावी म्हणून दुसरा दिवा बाजूने खाली घेतला, बारीक नक्षी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स चढवली आणि अंदाजासाठी एक फोटो काढला. त्यात नक्षीच्या खाचांमधला काळा मळ ढळढळीत दिसला. असला फोटो गिऱ्हाइकाला द्यायची त्याला लाज वाटली. त्याने कडं रिठ्याच्या पाण्यात बुडवलं आणि जुन्या ब्रशने लख्ख घासलं. पुढचे फोटो झकास आले.

आणि आता सकाळी तो जसा तिच्याकडे बघत होता, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

“बदलं नही मावशी, घासं फक्त,” तो म्हणाला.

“भाऊ म्हनी, मीच बदली टाकं.”

भाऊ तिच्यावरच आळ घेणार, हे कुंदनला कळलं. मग त्याला तो अंदाजाचा फोटो आठवला. त्याने तो नव्या फोटोशेजारी लावला. काठावरचा पोचा तोच, एका फुलाची झिजलेली पाकळीही तीच. दोन्ही फोटो भावाला दाखवा, त्याने समजावलं. धनुबाईला पटलं. कुंदनचा जीव भांड्यात पडला.

पण ती चकचकीत फोटोकडे बघेचना. काळ्या फोटोतल्या खाचांवरून बोट फिरवत राहिली. शेतातली माती, चुलीची राख, आईच्या हाताचा घाम, सगळं तिथे होतं. कुंदनला ते आत्ता कळलं आणि फार वाईट वाटलं.

“ते पानी कोठे टाकं?” तिने हळूच विचारलं.

त्याने दाराबाहेरच्या गटारीकडे बोट केलं.

धनुबाईने कडं उचलून हातात घातलं आणि बाहेर गेली. गटारीपाशी चपला काढून उभी राहिली. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, पण ती हलली नाही.