अळंब्यांची जागा विचारू नये

आमच्याकडे यायचं असेल तर पहिली गोष्ट, दारात बूट काढायचे. काढायचे म्हणजे काढायचे. "मोजा फाटलाय हो, राहू दे" असली नाटकं माझ्याकडे चालत नाहीत. दाराशी टोपलीत सपाता आहेत, पाहुण्यांसाठीच आहेत, आपल्या मापाच्या शोधा आणि घाला. दुसरी गोष्ट, डोंगराच्या वाटेवर जो भेटेल त्याला नमस्कार करायचा, ओळख असो नसो. खाली शहरात केलात तर लोक वेडं समजतील, पण इथे वर नाही केलात तर शिष्ट समजतील. आणि घरची ब्लूबेरीची दारू पुढे आली की पहिल्या पेल्याला नाही म्हणू नका. दुसऱ्याला म्हणा हवं तर. कुणी ऐकणार नाही ते सोडा.

स्लोव्हेनिया एवढासा देश, दोन दिवसांत उरकू, असं म्हणत येणारे पुष्कळ असतात. ते तळं बघतात, गुहा बघतात, फोटो काढतात आणि जातात. जाऊ देत बापडे. मी पोहोर्ये डोंगराच्या उतारावर राहते, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, त्यामुळे सूचना द्यायची मला आता सवयच झालीय. माझ्या सासूबाई म्हणतात, "टोंचका, तू पाहुण्यांना जेवण कमी आणि सल्ले जास्त वाढतेस."

पण एक सूचना मी सगळ्यांना देते आणि ती हसण्यावारी नेऊ नका. ताटात अळंबी आली, आवडली, तर वा म्हणा, आणखी मागा, बोटं चाटा. फक्त "कुठे मिळाली?" असं विचारू नका. आमच्यात माणूस आपला पगार सांगेल, आजार सांगेल, शेजारणीच्या नवऱ्याचं लफडं तर न विचारता सांगेल. अळंब्यांची जागा सांगणार नाही. ती जागा घरातल्या घरात जाते. म्हाताऱ्या माणसाला वाटलं, आपले दिवस भरत आले, की ते घरातल्या एकालाच रानात घेऊन जातं आणि दाखवतं. बाकीच्यांनी विचारायचं नाही. आणि कुणाच्या पाठोपाठ चोरून जाणं तर चोरीहून वाईट. तसं करणाऱ्याला गावात कुणी कॉफीलाही बोलावत नाही.

माझ्या सासूबाईंची, तेरेझाबाईंची जागा अख्ख्या गावात नावाजलेली. बाकीच्यांच्या टोपलीत चार काळपट, किडकी अळंबी, आणि आमच्या म्हातारीच्या टोपलीत ही अशी गुबगुबीत, वर नेच्याची पानं झाकलेली. लोक टोपलीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. "टोंचका, तुला तर ठाऊक असेल!" मी नुसती हसायची. त्यांना वाटायचं, काय पक्की बाई आहे! आणि मला खरंच ठाऊक नव्हतं.

मी या घरात सून म्हणून आले त्याला तीस वर्षं होऊन गेली. माझं माहेर समोरच्या उतारावर, सावलीच्या बाजूला. हे घर उन्हाच्या बाजूला. एवढ्यावरून सासूबाईंनी मला काय काय ऐकवलंय! माझा पाव फुगला नाही तर "सावलीकडची ना ती." मला सर्दी झाली तरी "सावलीकडची." माझा नवरा लोवरो गेला, आम्हाला मूलबाळ नव्हतं. लोकांना वाटलं मी आता माहेरी जाईन. मी गेले नाही. या म्हातारीचं आजारपण काढलं, तिचे टोमणे ऐकले, मीही चार दिले. सगळं झालं, पण ती जागा काही तिने मला दाखवली नाही. मला अळंब्यांचं काय, बाजारात मिळतात. मला एवढंच हवं होतं की तिने मला घरातली म्हणावं. आणि आमच्यात ते तोंडाने म्हणत नाहीत, रानात नेऊन म्हणतात.

गेल्या सप्टेंबरात हॉलंडची एक मुलगी आली, मार्लूस नावाची. उंच, हसरी, पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. जर्मन चांगलं बोलायची. सासूबाईंनी तरुणपणी ऑस्ट्रियात स्वैपाकघरात कामं केलेली, त्यामुळे दोघींची गट्टी जमायला वेळ लागला नाही. मी तिला नेहमीच्या सूचना दिल्या. बूट, नमस्कार, दारू. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि मी धावले. शेवटची सूचना राहूनच गेली.

रात्रीच्या जेवणाला अळंब्यांचं सूप होतं. मार्लूसने एक चमचा घेतला, डोळे मिटले, आणि सरळ सासूबाईंना विचारलं, "आजी, ही तुम्हाला मिळतात तरी कुठे?"

माझा चमचा हातातच राहिला. गावच्या हॉटेलात कुणी असं विचारलं असतं तर लोक उठून गेले असते. मी म्हटलं, "अगं, असं नसतं विचा..."

पण म्हातारी हसली. हसली! म्हणाली, "येतेस? उद्या सकाळी जाऊ. बूट बरे आहेत का तुझे?"

मला वाटलं, थट्टा करतेय. सकाळी बघते तर दोघी अंगणात उभ्या, म्हातारीच्या हातात टोपली, डोक्याला रुमाल, आणि त्या मुलीच्या दंडाला धरून ती निघालीसुद्धा. माझ्याकडे वळून म्हणते, "टोंचका, बटाटे सोलून ठेव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बटाटे सोलले. असे सोलले की सालाबरोबर निम्मा बटाटा गेला. कोण कुठली पोर, काल आली, उद्या जाणार, तिला दाखवते. आणि मी? मी काय भाडेकरू आहे? त्या दिवशी मी स्वैपाकघरात एकटी रडले. खोटं कशाला सांगू, पदराने, म्हणजे आमच्याकडे ॲप्रनने, डोळे पुसत रडले. आणि पिशवी भरून माहेरी निघून जावं, असं मनात आलं. तिथे भावाची बायको दारात उभी राहून "किती दिवस?" विचारेल हे माहीत असूनसुद्धा आलं.

दुपारी दोघी परतल्या. टोपली काठोकाठ. मार्लूसचे गाल लाल झाले होते. ती धावत माझ्याकडे आली, "टोंचका, काय जागा आहे ती! तिथे ना, एक..."

"गप्प बस!" मी इतक्या जोरात ओरडले की कोंबड्या पळाल्या. बिचारीचं तोंड एवढंसं झालं. मग मी तिला सांगितलं, आमच्यात असं नसतं, मला सांगायचं नाही, कुणालाच सांगायचं नाही. ती "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली. चांगली मुलगी होती हो, तिचा काय दोष.

ती वर अंघोळीला गेली. आम्ही दोघी अंगणातल्या बाकावर अळंबी निवडायला बसलो. मी सुरीने देठ जोरजोरात खरवडत होते. म्हातारीच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "हळू. अळंबीने तुझं काय वाकडं केलंय?"

मग मात्र माझा बांध फुटला. "आई, तीस वर्षं मी तुमच्या घरात राबले. तुमचं न्हाणंधुणं केलं. लोवरो गेल्यावर तुम्हाला टाकून गेले नाही. तुम्ही मला सावलीकडची म्हणालात, मी ऐकलं. पण जागा दाखवलीत कुणाला, तर त्या पोरीला! मी कोण आहे तुमची? एकदा सांगून टाका, म्हणजे मी आशा तरी सोडेन."

म्हातारी हातातली अळंबी उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "लोवरोला दाखवली होती."

"काय?"

"तो गेला त्या वर्षी माझ्या छातीत दुखायचं. आठवतंय? मला वाटलं, आता मी काही हिवाळा काढत नाही. म्हणून त्याला नेलं आणि दाखवली. पोरगा इतका खूश झाला गं. गुडघे टेकून बसला तिथे, लहानपणी बसायचा तसा." म्हातारीने हातातली अळंबी टोपलीत ठेवली. "मी जायची होते, म्हणून दाखवली. मी राहिले. आणि त्या हिवाळ्यात झाड पडलं ते त्याच्यावर."

मला आठवलं. त्या शरद ऋतूत लोवरोने टोपी भरून अळंबी आणली होती. मी विचारलं तर म्हणाला, रस्त्याच्या कडेलाच मिळाली. मी म्हटलंही होतं, वा रे वा, तुझ्यासाठी बरी रस्त्याच्या कडेला उगवतात. माझ्या शेजारी झोपणारा माणूस, पण शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. मला रडता रडता हसू आलं. अस्सल या घरातला होता.

"जागा दाखवली की कुणीतरी जातंच," म्हातारी म्हणाली. "खुळचट म्हण मला. पाद्रीबाबाला सांगितलं तर तोही रागावला. पण माझ्या मनातून जात नाही. आता मला ती उतरण एकटीला उतरवत नाही, गुडघे लटपटतात. कुणाचा तरी हात धरायला हवा. तुझा कसा धरू? ती पोर हॉलंडला जाईल, तिथे डोंगरच नाहीत म्हणते, तिचं काय व्हायचंय? पण तुला काही झालं तर?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मला दुसरं कोण आहे, टोंचका?"

मी हातातली सुरी खाली ठेवली. तिचा हात धरला, मातीने माखलेला, थंडगार. "आई, मला नको ती जागा," मी म्हटलं. "खरंच नको. मरू दे ती जागा."

"मरू कशाला दे?" ती लगेच फणकारली. "अळंबी खाणार कोण मग?"

मार्लूस दोन दिवसांनी गेली. जाताना म्हातारीच्या गळ्यात पडली, माझ्याही पडली. त्यानंतरच्या रविवारी पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि म्हातारी सकाळपासून खिडकीशी येरझाऱ्या घालत होती. मला कळत होतं काय हवंय ते. मी म्हटलं, "चला. बीच वृक्षांच्या राईपर्यंत मी हात धरून नेते. उतरणीवरून खाली सोडते. तिथून पुढे तुम्ही जा, मी पाठ फिरवून बसते."

"वळून बघशील."

"नाही बघणार."

"सावलीकडचे लोक बघतात वळून."

"आई, येताय की नाही?"

मी तिला उतरणीवरून खाली नेलं. दोनदा तिचा पाय घसरला, दोनदा मी शिव्या खाल्ल्या, जसं काही मीच ढकललं होतं. खाली एक जुना बुंधा होता. मी त्यावर पाठ फिरवून बसले, तोंड गावाकडे. मागे पानं वाजली आणि ती आत गेली. मग काही ऐकू येईना.  पडली तर? मी हाक मारली, "आई!"

"आहे! ओरडू नको, गावाला बोलावशील!"

थोड्या वेळाने पुन्हा हाक मारली. पुन्हा आतून ओ आली, कुरकुरत. असं चाललं. वळून बघावं असं एकदाही वाटलं नाही, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. ऊन छान होतं. माझा जरा डोळा लागला असावा, कारण मी बराच वेळ हाक मारली नाही.

आणि मागून रानातून तिचा आवाज आला. घाबरलेला आवाज, मी तिचा असा कधी ऐकला नव्हता.

"टोंचका! टोंचका, आहेस ना गं?"

"आहे, आई," मी म्हटलं. "इथेच आहे."