लागतंय की!

मी एक लाकडी नळी आहे. वीतभर उंचीची, एका टोकाला कर्ण्यासारखं तोंड असलेली. ते तोंड गरोदर बाईच्या पोटावर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला, की आतल्या बाळाचे ठोके ऐकू येतात. जन्मभर मी गप्प राहिले; मीच बडबडले असते तर ठोके कोणाला ऐकू आले असते?

माझ्या मालकीणबाई डॉ. कुमुद. बहात्तरच्या दुष्काळात त्या औरंगाबादहून जीपने अजिंठ्याकडच्या दुष्काळी कामांवर जायच्या. तिथे पोटुशी बाईसुद्धा उन्हात खडी फोडायची. "हिला बसवा," बाईंनी म्हटलं की सासवा हसायच्या. "आमी नाय का फोडली?"

एकदा यमुनाबाई सुनेला घेऊन आली. "कालधरनं पोर हालंना, बघा की."

बाईंनी मला पोटावर टेकवलं. जागा बदलली, पुन्हा टेकवलं. आत काहीच नव्हतं. यमुनाबाईनं मला ओढूनच घेतलं. कान लावला आणि तिचा चेहरा उजळला. "लागतंय की! डागदरीणबाई, लागतंय!"

ती तिच्याच कानातली धडधड होती. घाबरलेल्या माणसाला असं होतं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. यमुनाबाई मटकन खडीवर बसली. "आदी ऐकवलं असतं, तर म्या हिला हातोडा धरू दिला असता का?" तिचं रडणं मला अजून ऐकू येतं.

त्यानंतर बाईंनी रीतच पाडली. सहावा लागला की सासूला बोलवायचं, तिचं बोट तिच्याच मनगटावरच्या नाडीवर ठेवायचं, म्हणजे स्वतःचीच धडधड बाळाची वाटून फसगत नको, आणि मग बाळ ऐकवायचं. "लई पळतंय गं माय!" म्हणत सासू सुनेच्या डोक्यावरची पाण्याची घागर स्वतः उचलायची. जमिलाच्या सासूनं तर कामावर खायला मिळालेली आपली सुकडी तिच्यापुढे सरकवली. "खा बेटी, दो जनों का खा."

पुढे शेंद्र्याला कारखाने आले, शहर वाढलं, सोनोग्राफी आली. चांगलंच झालं. मी पुंडलिकनगरच्या फ्लॅटमध्ये शोकेसमध्ये जाऊन बसले. आणि बाईंचे कान गेले.

परवा नात मनस्विनी सातव्या महिन्यात सासूबाईंसोबत भेटायला आली. बाईंनी मला पुसून तिच्या पोटावर टेकवलं. आत बाळ छान धडधडत होतं. मी जीव तोडून ठोके वर पाठवत होते. बाई हसल्या. "लागतंय की!"

सवयीने त्यांचं बोट स्वतःच्या मनगटावर गेलं. कानातला आणि मनगटातला ठोका एकच निघाला. हसू मावळलं. किती वाईट वाटलं मला!

त्यांनी मला मनस्विनीच्या सासूबाईंच्या हाती दिलं. "तुम्ही ऐका, आणि मला सांगा."

सासूबाईंनी कान लावला. मग बाईंचा सुरकुतलेला तळहात ओढून घेतला आणि ऐकू येईल तसा ठोका त्यावर बोटाने वाजवत राहिल्या. बाईंनी डोळे मिटले. ते भरून वाहत होते.

आता मला पुन्हा काचेआड ठेवू नका. बाई आहेत तोवर त्यांच्या उशाशी राहू द्या.