कोपराच्या आतली जागा

आमचं मलम कुठल्याही मुक्या जनावरावर तपासलेलं नाही, असं प्रत्येक बरणीवर छापलेलं आहे. ते खरं आहे. आम्ही ते माझ्या धाकट्या बहिणीवर तपासायचो.

तिची कातडी इतकी नाजूक, की लोकरीचं नुसतं नाव काढलं तरी पुरळ उठावं. माझी गेंड्याची. धंद्यासाठी ही जोडी देवानेच जुळवून दिलेली. नवं मलम झालं की दोघींनी बाह्या वर करायच्या, कोपराच्या आतल्या मऊ जागेवर बोटभर लावायचं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पुसायचं नाही. माझ्या हाताला काही होणार नाही हे ठरलेलंच. निकाल तिच्या हातावर लागायचा. आमचे हे तिला ससा म्हणायचे. “या कारखान्यात सशाचे फार हाल होतात बरं का,” असं गिऱ्हाइकांना सांगायचे आणि ती हातातलं फडकं त्यांच्या अंगावर भिरकावायची.

कारखाना म्हणजे आमच्या घराची मागची खोली. दोन शेगड्या, स्टीलची पातेली, तेलांचे कॅन आणि फळीवर धुऊन पालथ्या घातलेल्या काचेच्या बरण्या. रिकामी बरणी परत आणा, भरून न्या, हा आमचा नियम. प्लास्टिकची ट्यूब मागणाऱ्या एका बाईंना मी असं काही सुनावलं होतं, की त्यांची समजूत काढायला ह्यांना रस्त्यापर्यंत पळावं लागलं.

मग ससा समुद्रापलीकडे गेला. नोकरी तिच्या मनासारखी होती. मीच म्हटलं, जा. म्हणताना काही वाटलं नाही. पण नंतर पातेलं ढवळताना मी काहीतरी सांगायला मान वळवायची आणि तिथे कोणीच नसायचं. तिची फार आठवण यायची. अजून येते, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

तपासणी मात्र आम्ही सोडली नाही. मी बरणी पाठवायची, ती पोचली की दोघींनी एकाच दिवशी हाताला लावायचं. दुसऱ्या सकाळी तिचा निरोप यायचा, “ताई, काही झालं नाही.” मला त्या निरोपाची एवढी ओढ लागली, की गरज नसताना मी नवी मलमं करू लागले.

“सपाटाच लावलायस,” हे म्हणाले. “विकायची कोणी?”

लवंगेचं तेल थेंबाथेंबाने घालावं लागतं. पूर्वी मी ओतायची आणि ती मोठ्याने मोजायची. आता ओतणारी मी आणि मोजणारीही मीच. एकदा मध्येच दारावरची घंटा वाजली. परत येऊन मी पुन्हा पहिल्यापासून थेंब घातले आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. बरणी रवाना झाली. ती पोचल्याचं कळल्यावर ठरल्याप्रमाणे मी माझ्या हाताला लावलं, तर सकाळी हात नुसता पेटलेला. गेंड्याच्या कातडीवर हा एवढा लाल चट्टा! तिचं काय झालं असेल म्हणून मी फोनकडे धावले. फोन उचलला तर तिचा निरोप आधीच येऊन पडला होता.

“ताई, एकदम मस्त. काही झालं नाही.”

मी तसाच तिला फोन लावला.

“तू लावलंच नाहीस.”

तिने एकदम ह्यांची चौकशी सुरू केली.

“आधीचीही नाही लावलीस?”

“ताई...”

माझा पारा चढला. “अगं, लोकांच्या अंगाला लागतं ते! तुझ्या शब्दावर मी तीन मलमं विकायला ठेवलीत. मग आपल्यात आणि खोटं छापणाऱ्यांत फरक काय राहिला?”

तिला रडू फुटलं. “पहिली बरणी उघडली होती मी. झाकण काढलं आणि मागच्या खोलीचा वास आला. तुझ्या कपड्यांना येतो ना, तोच. त्या दिवशी मी कामावर गेलेच नाही. मग परत उघडायचा धीरच झाला नाही. सगळ्या कपाटात आहेत.”

“मग सांगायचंस मला.”

“सांगितलं असतं तर तू पाठवणं बंद केलं असतंस.”

मी तरी कुठे मलमासाठी मलम करत होते?

पण मलम लोकांच्या अंगाला लागणार होतं. मी तिला सांगितलं, तिन्ही मलमं आजच परत मागवते आणि तपासायला दुसरं कोणीतरी बघते.

“बघ,” ती म्हणाली. “पुरळ उठलं की तू माझ्या हातावर फुंकर घालायचीस. नवी जी कोणी येईल, तिला घालू नकोस.”

मी हो म्हटलं.

तिन्ही मलमं फळीवरून उतरवली. दारावर कागद लावला: ही नीट तपासलेली नाहीत, चूक आमची आहे, परत आणून द्या. कागद ह्यांनीच लिहिला, आणि एकदाही चेष्टा केली नाही.

पुढे मागच्या गल्लीतल्या एक शिक्षिका मिळाल्या. कातडी हवी तशी नाजूक, आणि बाई स्वभावाने फार चांगल्या. पहिल्याच मलमाने त्यांच्या कोपराच्या आत लालभडक पुरळ उठलं. सकाळी सकाळी दारात आल्या. “फार आग होतेय हो,” म्हणत त्यांनी हात माझ्यासमोर धरला. मी मलम पुसून काढलं, गार पाण्याचं फडकं ठेवलं, दहा वेळा माफी मागितली. तरी त्या हात तसाच पुढे धरून बसल्या होत्या, अगदी माझ्या तोंडाजवळ. मी ओठ घट्ट मिटून घेतले.