लांबडं बेट

तांबडी शेळी पिळायला बसलेल्या वनमालानं दोनदा सड ओढले, पण धार काही आली नाही. कास रिकामी होती. काल सकाळीही असंच झालं होतं. तिनं कासेवरून हात फिरवून पाहिला आणि होडीकडं तोंड करून म्हणाली, "अवं, हिचं दूध कुनीतरी काढून नेतंय."

त्रिंबक होडीत साचलेलं पाणी डब्यानं उपसत होता. मान वर न करता म्हणाला, "धामीण पेत आसंल."

"धामीण काय कास धुवून पेती का?"

डबा त्याच्या हातात थांबला.

दिवाळी सरली की या नवरा-बायकोचं आणि त्यांच्या लेकीचं, आरोहीचं, घर होडीत असायचं. धरणाच्या काठाला पार पाण्यापर्यंत ऊस लागला होता. शेरडं घेऊन त्या बांधावरून कुणी जाऊ देत नव्हतं. मग त्रिंबकनं मासे धरणाऱ्यांकडून एक जुनी, रुंद, पत्र्याची होडी घेतली आणि फुगवट्यातल्या बेटांवर चारायला सुरुवात केली. धरण होण्याआधी ही बेटं म्हणजे साधी टेकाडं होती. एका बेटावरचा पाला संपला की शेरडं दोन खेपांत पुढच्या बेटावर न्यायची. होडीच्या मागच्या अंगाला बांबूच्या कमानींवर ताडपत्री ताणलेली. तिच्याखाली अंथरुणं, पिठाचा डबा, कोंबड्यांचं डालगं. पुढं अर्ध्या पिंपात चूल. आरोहीची शाळा उन्हाळ्यापर्यंत बुडायची, पण कोणत्या बेटाला काय नाव द्यायचं ते तीच ठरवायची. बाभळबेट, घुमटीचं टेकाड, लांबडं. तिची नावं आता मासे धरणारेही घ्यायला लागले होते. सध्या मुक्काम बाभळबेटावर होता.

वनमाला रिकामी चरवी तशीच ठेवून बाभळीत शिरली. सरपण आणते, एवढंच म्हणाली. बेट तसं लहान, पण काट्यांनी दाट भरलेलं. पल्याडच्या उताराला आल्यावर तिला राखेचा वास आला. तीन दगडांची चूल होती. तिनं राखेवर तळहात धरला. ती अजून ऊन होती. बेशरमीच्या झुडपाखाली मासे धरणारे वापरतात तसला थर्माकोलचा तराफा ओढून लपवलेला होता.

"आत्या."

वनमाला दचकून वळली. समोर सुकन्या उभी होती. तिच्या भावाची, आसारामची मोठी पोरगी. अंगावरचा ड्रेस काट्यांनी फाटलेला, ओठ फुटलेले, गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत. तिच्यामागं एक उंच, सडपातळ पोरगा हात जोडून उभा होता. त्याला वनमालानं कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचं नाव तिला ठाऊक होतं. जीवन. बीडला सुकन्या क्लासला जायची तिथला. जातीबाहेरचा.

"आत्या, दूध आमीच काढलं. दोन दिस पोटात काईच नव्हतं."

वनमालानं तिला जवळ ओढलं. पोरीच्या अंगाला धुराचा आणि चिखलाचा वास येत होता.

"आगं, इथं कावून आलीस? हितनं पळून जायला वाट तरी हाय का?"

"याचा मामा हितं मासे धरतो. त्यानं तराफा दिला. शुक्रवारी याचा दोस्त गाडी घेऊन येनार हाय काठाला. मग पुन्याला." सुकन्यानं तिचं मनगट धरलं. "तुमची होडी बघितली म्हून जरा धीर आला. आत्या, आबांला सांगू नको."

"तुज्या बापाला मी सांगीन व्हय?"

ती हे म्हणाली खरी, पण पोरीनं मनगट सोडलं नाही. मग जीवन पुढं होऊन हळूच म्हणाला, "नोंदनी झालीय आमची, आत्याबाई. रीतसर लग्न हाय." जणू ते ऐकून बेटावरच्या बाभळीही वाट सोडणार होत्या.

त्या दुपारी वनमालानं नेहमीपेक्षा जास्त भाकरी थापल्या आणि पदराखाली घेऊन पुन्हा सरपणाला गेली. त्रिंबकनं टोपल्यातल्या भाकरी पाहिल्या, तिच्याकडं पाहिलं. संध्याकाळी खुंटा उपटताना तो म्हणाला, "उद्याच्याला टेकाडावर जाऊ. आपली होडी हितं दिसली की कुनीबी हितं येतं."

घुमटीच्या टेकाडावर पाला फारसा नव्हता. तरी सकाळी ते तिथं गेले.

मोटरीचा आवाज आला तेव्हा वनमाला चुलीपुढं होती. पाणी शांत असलं की आवाज लांबून येतो. होडी दिसण्याच्या कितीतरी आधी शेरडांनी कान टवकारले. तिघं होते. एक मोटर चालवणारा, एक भावकीतला रामेश्वर आणि पुढं पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात गमजा टाकलेला आसाराम.

"दादा!" वनमाला उठून उभी राहिली. हाताला पीठ तसंच होतं.

बाप वारल्यावर आसारामनंच तिला वाढवलं होतं. तिला ताप चढला तेव्हा खांद्यावर टाकून चौसाळ्याच्या दवाखान्यापर्यंत पळत गेला होता तो. आताही होडीतून उतरताना त्यानं आधी आरोहीच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला, मग त्रिंबकला रामराम घातला आणि चुलीजवळ पोत्यावर मांडी घालून बसला.

"माले, तुज्या हातची भाकर खाऊन लई दिस झाले. वाढ."

तिनं भाकरी, पिठलं, ठेचा वाढला. रामेश्वर होडीतच बसून राहिला. तो जेवायलाही उतरला नाही. त्याच्या पायाशी नव्या नायलॉनच्या दोराचं भेंडोळं होतं.

आसाराम सावकाश जेवला. ऊस कसा आहे, पाणी किती उतरलं, बेटावर साप निघतात का, सगळं विचारून झालं. मग ताटात पाणी ओतून हात धुता धुता म्हणाला, "सुकी हिकडं आलीया म्हनं. त्या पोराचा मामा सांगत व्हता. आधी न्हाई म्हनला, मंग सांगितलं."

वनमालानं तव्यावरची भाकरी उलटली. "हिकडं कशाला यील ती? आन् आली तर काय करनार हायस, दादा?"

"काय करायचं? घरी न्यायची. लेकरू हाय."

"मंग वैनीला तरी आनायचं संगं. तुला बघून पोरगी भिऊन जाईल."

"तिला कशाला आनू? रडून रडून ती आत्ताशी कुठं उठून बसलीया." आसारामनं गमज्यानं तोंड पुसलं. "गावात सांगून टाकलंय आमी, पोरगी साप चावून गेली म्हून. दहावं बी उरकलं. तुला कळवलं न्हाई, तू पान्यावर. फोन लागत न्हाई तुमचा."

वनमाला तव्याकडं बघत राहिली. भाकरी एका बाजूनं करपली. ज्या पोरीचं दहावं घातलं ती पोरगी घरी कशी नेणार, हे तिनं विचारलं नाही. भाऊ तिच्याकडंच बघत होता, आणि त्याच्या तोंडावर रागाचं काहीच नव्हतं. पीक काढून झाल्यावर माणूस जसा रानाकडं बघतो तसा तो बघत होता.

"काय गं आरोही," तो मग भाचीकडं वळला, "सुकी तायडी दिसली का कुठं?"

"न्हाई," आरोही म्हणाली. तिचं तोंड पेढ्यानं भरलेलं होतं. "पन मामा, आमची तांबडी कुनीतरी पिळून न्यायचं. दोन दिस दूधच न्हाई."

पुढं काठाला पाणी चुबुकचुबुक वाजत होतं. त्रिंबक दोर वळत बसला होता, त्याचे हात थांबले.

"हां?" आसाराम हसला. "कुठं? हितं?"

"हितं न्हाई." आरोहीनं आईकडं पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं. तिनं पुडा मांडीवर ओढला.

"लांबड्यावर," वनमाला म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "ह्याच्या आधी आमी लांबड्यावर व्हतो. ते तिकडं, लांब, पानकनसाचं बेट दिसतं न्हवं, ते." बाभळबेट तिच्या पाठीशी होतं. तिनं हात बरोबर उलट्या दिशेला केला. "मी म्हनलं धामीण आसंल."

आसाराम थोडा वेळ त्या बोटाच्या दिशेनं बघत राहिला. मग उठला, कपडे झटकले. जाताना त्यानं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यानं ती सासरी निघाली त्या दिवशी ठेवला होता.

"तू लहानपनापासून खरी, माले."

मोटर सुरू झाली. होडी लांबड्याकडं वळलेली पाहीपर्यंत वनमाला हलली नाही. मग तिनं चूल तशीच सोडली. "अवं, चला. बाभळबेटाला. त्यांला सांगू, आत्ताच्या आत्ता निघा म्हून. तेवढी सवड हाय."

त्रिंबकनं विचारत बसण्यात वेळ घालवला नाही. त्याला सगळं ठाऊक होतं, फक्त दोघं आजवर त्याबद्दल बोलले नव्हते. शेरडं टेकाडावरच ठेवून, आरोहीला आत घेऊन त्यानं होडी लोटली. वल्ह्यावर तो पार ओणवा होऊन जोर लावत होता. वनमालानं दुसरं वल्हं घेतलं.

बाभळीत शिरून ती धावतच पल्याड उतरली. "सुकन्या! आगं सुके, मी हाय!"

चुलीवर पाणी ओतलेलं होतं. ओल्या राखेतून अजून वाफ निघत होती. तिनं काल भाकरी बांधून दिली होती ते फडकं नीट घडी घालून दगडाखाली ठेवलेलं होतं. बेशरमीच्या खालचा तराफा जागेवर नव्हता. चिखलात तो ओढत पाण्यापर्यंत नेल्याचा रुंद, ताजा माग होता.

वनमाला तिथंच उभी राहिली. तिथून पाण्यापलीकडं घुमटीचं टेकाड सरळ समोर दिसत होतं. त्यांची जागा, विझायला आलेल्या चुलीचा धूर, ती जिथं बसून भाकरी थापत होती ते पोतंसुद्धा. आसाराम मांडी घालून जेवताना इथून किती स्पष्ट दिसला असेल. आणि ती त्याला वाढतानाही.

"कुठं गेली आसतील?" ती पुटपुटली. "मला इचारायचं तरी..."

त्रिंबक मागून आला होता. त्यानं तिच्या खांद्याला हात लावला आणि दुसऱ्या हातानं दाखवलं. टेकाडाच्या आडून वळसा घेऊन, उन्हात तराफ्याचा पांढरा ठिपका पाणकणसाच्या हिरव्या रेघेत शिरत होता. लपायला दाट अशी दुसरी जागाच नव्हती, आणि लांबड्यापलीकडं काठ जवळ होता. आसारामची होडी बेटाच्या दुसऱ्या टोकाशी होती. मोटरीचा आवाज बेटाभोवती सावकाश फिरत होता.

"वरडून काई हुईल का?" ती म्हणाली.

"एवढं लांब?"

तरी तिनं ओरडून पाहिलं. आवाज पाण्यावरून गेला आणि कुठंतरी संपला. त्रिंबकनं खिशातून फोन काढून उंच धरला, पुन्हा खिशात ठेवला.

मोटर बंद झाली.

दोघंही होडीत परतले. लांबड्याकडं वल्हवताना तिच्या तळहाताची कातडी सोलवटली. तिला ते कळलंही नाही. आरोही ताडपत्रीखाली पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पुढचा पेढा खाल्ला नव्हता. टेकाड मागं पडलं. लांबड्यावरून बगळ्यांचा थवा एकदम उठला, हवेत घिरट्या घालत राहिला आणि खाली उतरेना.

अर्ध्या वाटेवर असताना मोटर पुन्हा सुरू झाली. होडी पाणकणसातून बाहेर आली ती सरळ त्यांच्याकडंच. वनमालानं डोळ्यांवर आडवा हात धरला. उन्हानं पाणी चमकत होतं, माणसं काळ्या ठिपक्यांसारखी दिसत होती. ती जवळ येईपर्यंत तिनं पुन्हा पुन्हा मोजलं. तिघंच होते.

होड्या समोरासमोर आल्यावर मोटर चालवणाऱ्यानं वेग कमी केला. आसाराम छातीपर्यंत ओला होता. पांढरा सदरा अंगाला चिकटलेला, गमजा गळ्यात नव्हता. रामेश्वर पाठ करून बसला होता आणि ओंजळीनं पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धूत होता. त्याच्या पायाशी दोर नव्हता.

भावानं वनमालाकडं पाहिलं नाही. तो तिच्या होडीच्या कडेकडं, तिथल्या निघालेल्या रंगाकडं बघत होता.

"तिथं आता कुनी न्हाई, माले," तो म्हणाला. "तुमी शेरडांकडं जावा. लेकरू उन्हात बसलंय."

होडी पुढं गेली. तिच्या लाटेनं पत्र्याची होडी बराच वेळ हलत राहिली.

त्रिंबकनं वल्हं पाण्याबाहेर काढलं. पाणी निथळून जाऊ दिलं. मग म्हणाला, "वळवू का?"

"न्हाई. चला तिकडंच."

तिनं आपलं वल्हं त्याच्याकडं दिलं आणि आरोहीला हाक मारली. पोरगी आली तशी तिला समोर बसवलं, आपल्याकडं तोंड करून. लांबड्याकडं तिची पाठ आली. वनमालानं दोन्ही हात तिच्या मानेमागं नेले, पोरीची वेणी सोडली आणि बोटांनीच केस विंचरायला घेतले.

"आई, तुजे हात ओले हायत. दुखतंय."

"बस गप. मागं बघू नको."

बगळे अजून खाली उतरले नव्हते. त्रिंबक सावकाश, एका लयीत वल्हवत होता. आरोहीच्या डोक्यावरून वनमालाची नजर समोर लागलेली होती आणि बोटं आपोआप चालली होती. वेणी टोकाला आली की ती पुन्हा सोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घ्यायची.