बावलीला वळसा

जिथे काहीच नव्हतं, नुसती सपाट सिमेंटची जमीन होती, तिथून भैय्यालाल वळसा घालून गेला. साहेब सरळ गेले, फाइली धरलेले दोघे सरळ गेले, त्याची स्वतःची मुलगी सरळ गेली. हा मात्र भर रिकाम्या शेडमध्ये भिंतीकडे सरकला, पंधरा-वीस पावलं भिंतीला खांदा घासत चालला आणि पलीकडे जाऊन, काही झालंच नाही असा, सगळ्यांत मिसळला.

एकीने पाहिलं.

पण हे साडेअकराचं. सकाळी सात वाजता अजून सगळं निभावून नेता आलं असतं, तेव्हा सातपासूनच सांगू.

सात. गुढियारीतल्या घरात शेवंता नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती आणि तोंडाने जावयाचा उद्धार करत होती. जावई म्हणजे कंपनी. मुलीचं, भावनाचं, लग्न अजून व्हायचं होतं. घरात हे नाव महिन्याभरापासून पडलं होतं ते ट्रकचे सुटे भाग ठोकून काढणाऱ्या, पुण्याकडच्या एका कंपनीला. राज्य नवं, राजधानी नवी, आणि बारा वर्षं कुलूप लागलेली जुनी रोलिंग मिल कुणीतरी घ्यावी म्हणून सरकारने या कंपनीपुढे पाट-पाणी मांडलं होतं. दहा वर्षं मालमत्ता कर नाही, नोंदणीचा खर्च नाही, विजेला सूट, आणि शेडचं भाडं वर्षाला एक रुपया.

"एवढा मान तं माया बापानंबी तुमाले नाई देला," शेवंता म्हणाली.

भैय्यालाल हसला नाही. रात्रभर त्याच्या डोक्यात एकच ओळ फिरत होती.

रकाना ९. जमीन: समतल, सिमेंटची, मजबूत.

ही ओळ भावनाने आदल्या संध्याकाळी जेवताना वाचून दाखवली होती. जागा पाहणीचा तक्ता तिनेच भरला होता. गुंतवणूक आणायला सरकारने जो कक्ष उघडला होता, तिथे ती तीन वर्षं कंत्राटावर होती. कंत्राट एकतीस मार्चला संपत होतं आणि आता फेब्रुवारीचा मध्य होता. कक्षाचे साहेब तिला म्हणाले होते, ही कंपनी बसली की कंत्राट वाढवायच्या यादीत तुझं नाव पहिलं. बसली नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. मिलचे जुने नकाशे कुठेच सापडेनात, तेव्हा तिनेच सुचवलं की माझे वडील तिथे एकोणीस वर्षं होते, क्रेन चालवायचे, त्यांना सगळं पाठ आहे.

पाठ होतं. तेच तर.

तक्त्यात बावीस रकाने होते. छप्पर, भिंती, रस्ता, पाणी, वीज. जमिनीच्या खाली काय आहे, असं एकही रकाना विचारत नव्हता.

*

खाली बावली होती.

पोळी लाटावी तशी ती मिल लोखंड लाटायची. लालभडक लोखंडावर पाण्याची धार सोडली की त्याचे खवले सुटायचे, आणि ते पाणी खवल्यांसकट वाहत जाऊन शेडच्या ऐन मध्यावर एका खड्ड्यात पडायचं. बावीस फूट खोल. कामगार त्याला बावली म्हणत. तिच्याभोवती कठडा नव्हता, एका बाजूला फक्त एक दोर बांधलेला. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मशीन नंतर दाखवायचे, आधी भिंतीकडून चालायला शिकवायचे.

राज्य झालं त्या हिवाळ्यात मिल बंद पडली. शेड सरकारला विकायची म्हणून मालकाला जमीन सपाट हवी होती. ते काम त्याने भैय्यालालवर सोपवलं. मुरूम आणायचा तर वेळ लागणार, थराथराने ठोकावा लागणार. आणि शेजारचा राइस मिलवाला भुशाची राख फुकट द्यायला तयार होता. तर राख. ट्रॉलीमागून ट्रॉली, महिनाभर, करडी, हलकी, फुंकर मारली तरी उडणारी राख. वर चार बोटं सिमेंट. भैय्यालालने स्वतः गुडघ्यांवर बसून लाकडी पाट्याने ते सारखं केलं होतं. इतकं छान, की मालक म्हणाला, इथे खड्डा होता हे कुणाला सांगूनही पटणार नाही.

माणूस चालला तर काही नाही. स्कूटर गेली तरी काही नाही. पण राख भार आला की बसते, आणि ओल लागली की आणखी बसते. आणि जावयाची प्रेस, म्हणजे भाग ठोकायचं मशीन, आठशे टनांची होती.

कंपनीने माती तपासली होती. चार कोपऱ्यांत चार भोकं पाडून. बावली कोपऱ्यात नव्हती.

*

सव्वासात. पहिला प्रयत्न.

"भावना, तो रकाना नऊ..."

"बाबा, आपको सिर्फ़ क्रेन का बताना है. कहाँ से कहाँ चलती थी, कितना उठाती थी. बस."

भावनाला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र हिंदीत देते, शाळेपासूनची सवय. शेवंता चिडून म्हणते, पोट्टी ऐकते आईचं आन् बोलते शेजाऱ्याचं.

फ्रिजवर कागदांची एक चळत होती, त्यावर लिंबाचं वजन. विहारामागच्या गल्लीतल्या सात पोरांचे बायोडाटा. कुणी आयटीआय झालेला, कुणी बारावी, कुणी नुसताच उंच आणि धडधाकट. भावनाताई कक्षात आहे म्हणून ते आणून दिले होते. सूट हवी असेल तर सत्तर टक्के माणसं इथलीच घ्यायची, अशी अट कंपनीला होती. ती अट गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ होती, विजेच्या सवलतीचं कुणालाच काही नव्हतं.

भैय्यालालने लिंबू उचललं, परत ठेवलं.

दहा. दुसरा प्रयत्न, जीपमध्ये. ड्रायव्हर पुढे, हे दोघे मागे. त्याने आवाज खाली आणला. म्हणाला की मिल बंद झाली ना, त्या साली आम्ही एक काम केलं होतं. भावना खिडकीबाहेर पाहत राहिली. फाइल तिने मांडीवर अशी धरली होती जसं कुणी हिसकावून घेणार आहे. मग बाहेर पाहतच म्हणाली,

"बाबा, जो भी है, आज मत बताओ. मुझे पता चल गया तो मुझे लिखना पड़ेगा."

म्हणजे तिला काही माहीत नव्हतं. आणि काहीतरी आहे, एवढं माहीत होतं.

*

कंपनीकडून एकच बाई आली होती. कौमुदी मॅडम, इंजिनियर, चाळिशीच्या आतबाहेर, पायात जाड बूट, खिशात खडू आणि हातात मोजपट्टी. साहेब तिच्याशी आदबीने हिंदीत बोलत होते, ती अडखळत हिंदीत उत्तरं देत होती. शेडच्या दारात भैय्यालाल भावनाला हळूच म्हणाला की पाय सांभाळून, पत्रा तुटून राहिला आहे, आणि मॅडमने वळून पाहिलं.

"काका, तुम्ही मराठी?"

त्याने सांगितलं की हाव, म्हणजे बाबा भंडाऱ्याकडचे, रेल्वेत आले ते इथलेच झाले. मॅडमचा चेहरा सैल झाला. तिथून ती त्याच्याच सोबतीने चालू लागली. क्रेनचे रूळ कुठवर, खांबाला तडे कधी गेले, पावसात पाणी कुठून येतं, ती विचारी आणि तो सांगे. साहेब खूश होते. भावनाच्या चेहऱ्यावरही सकाळपासून पहिल्यांदा जरा रंग आला. आणि त्याला वाटलं, जमतंय. आपण क्रेनचंच सांगतोय. एवढं झालं की घरी.

तेवढ्यात मधली जागा आली आणि त्याचे पाय भिंतीकडे गेले.

डोकं बारा वर्षांत विसरू शकलं असतं. पायांना कुणी सांगितलंच नव्हतं की बावली बुजली.

*

"काका, तुम्ही तिकडून का गेलात?"

देण्यासारखी उत्तरं बरीच होती. गुडघा दुखतो, भिंतीचा आधार लागतो. भिंतीची ओल पाहत होतो. सवय. शेवटचं तर खरंही होतं.

तो म्हणाला की आधी तिथे मशीन होती, म्हणून.

मॅडमने मान डोलावली आणि वहीत काहीतरी टिपलं. संपलं. भावना त्याच्याकडे पाहत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

मग मॅडम मधोमध जाऊन उभी राहिली, वर क्रेनचे रूळ पाहिले, आणि खाली बसून खडूने एक चौकोन आखला. क्रेन जिथे उचलून ठेवू शकते तिथेच जड मशीन बसणार, दुसरीकडे कुठे? "प्रेस इथे," ती म्हणाली. चौकोनाच्या कडेला तिने चार छोटी वर्तुळं काढली.

भैय्यालालने विचारलं, ही काय.

"माणसं. एका पाळीत चार जण उभे राहतात प्रेसवर."

साहेबांना तेवढा आकडा कळला असावा. त्यांनी लगेच हिंदीत सांगितलं की मॅडम, मुलं सगळी लोकल देऊ, एकदम मेहनती, लिस्ट तयार आहे, भावना, लिस्ट. भावनाने फाइलीतून कागद काढले. तेच कागद. वरच्यावर लिंबाचा गोल डाग पडला होता.

चार वर्तुळं. त्यांतल्या एका वर्तुळात मॅडमचा बूट होता.

*

इथे खरं म्हणजे भैय्यालालच्या मनात काय चाललं होतं ते यायला हवं. पण काही चाललं नव्हतं. पोर, नोकरी, मार्च, मालक, राख, सगळं रात्रभर चालून चालून दमलं होतं. त्याला फक्त तो बूट दिसत होता.

"मॅडम, तुम्ही जरा तिथून हटा."

ती हटली. का, असं न विचारता हटली, आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"खाली बावली हाय. खड्डा. बावीस फूट. राखेनं भरला हाय, भुशाच्या. वरतं सिमेंट चार बोटं." तो थांबला. "मीनंच भरला."

साहेबांना मराठी येत नव्हतं. आवाज ऐकून त्यांना एवढं कळलं की हे क्रेनचं नाही. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. ती मोजपट्टी गुंडाळत होती आणि भावनाकडे बघत होती. सगळं समजूनही मॅडमने साहेबांना काही सांगितलं नाही. का नाही, ते भैय्यालालला नंतरही उमगलं नाही. मग साहेब भावनाकडे वळले.

"क्या कह रहे हैं चाचा?"

भावनाच्या हातात फाइल होती. तिचा अंगठा कागदाच्या कडेवर पुढे-मागे होत होता. ती म्हणू शकत होती की क्रेनचं सांगताहेत. म्हातारे आहेत, काहीतरी जुनं आठवलं. मॅडम कदाचित साहेबांसमोर तोंड उघडणार नाही, पुण्याला जाऊन एक पत्र पाठवेल, आणि ते पत्र यायच्या आत एकतीस मार्च होऊन यादीही लागून जाईल. ती एवढा सगळा हिशोब करते आहे, हे भैय्यालालला तिच्या अंगठ्यावरून कळत होतं. लहानपणी पाढे म्हणतानाही तो अंगठा असाच हलायचा.

तिने साहेबांना उत्तर दिलं नाही. वडिलांकडे वळली.

"बाबा, किती फूट म्हणून राहिले तुम्ही?"

"बावीस."

"आन् लांबी-रुंदी?"

त्याने सांगितली. ती तिथेच उकिडवी बसली, फाइल गुडघ्यावर ठेवली, आणि लिहिलं.

रकाना ९. जमीन: ~~समतल, सिमेंटची, मजबूत.~~

पुढचं लिहायला रकान्यात जागा पुरेना. तिने कडेने, उभं लिहिलं. मग उठून साहेबांना हिंदीत सांगितलं, जसं ऐकलं तसं, एकही शब्द न गाळता. कुणी भरला, तेही.

साहेबांनी आधी जमिनीकडे पाहिलं. ते बरोबर मधोमध उभे होते.

मग साहेबांनी एक पाऊल मागे घेतलं, अगदी हलकं, झोपलेल्या लेकराजवळून उठावं तसं, आणि दुसरं. चाचा, म्हणाले, पहले बताना था ना. मग भावनाकडे पाहून काहीतरी बोलणार होते, पण ते त्यांनी ठेवून दिलं. ऑफिससाठी ठेवलं असणार. भावनालाही ते कळलं. तिने फाइल छातीशी धरली.

बाहेर जायचं तर मधली जागा पुन्हा ओलांडायची होती. भैय्यालाल पुढे झाला. त्याच्यामागे मॅडम, तिच्यामागे साहेब, मग फाइलवाले दोघे, शेवटी भावना. एकामागे एक, भिंतीला खांदा घासत. साहेबांच्या निळ्या कोटाला चुना लागला.

*

रकाना २२. इतर शेरा:

*

बाहेर ऊन होतं. मॅडम फाटकापलीकडच्या करंजाखाली फोनवर बोलत होती. पुण्याला, बहुतेक तिच्या वरच्याशी. वीस मिनिटं झाली. इथून शब्द ऐकू येत नव्हते, पाठ तेवढी दिसत होती. साहेब जीपमध्ये दार लावून बसले होते.

भैय्यालाल आणि भावना गंजलेल्या पाइपांच्या ढिगावर बसले होते. शेवंताचा फोन येऊन गेला, जावई काय म्हणते म्हणून. भावनाने उचलला नाही.

"तुले राग आला का माया?" त्याने विचारलं.

"आला," ती म्हणाली.

मॅडमने फोन या कानाचा त्या कानाला घेतला. मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते उन्हात समजेना. दुसरा हात मागे पाठीशी होता, मूठ मिटलेली.

भैय्यालाल त्या मुठीकडे बघत राहिला. खडू अजून तिच्यातच होता, टोक बाहेर दिसत होतं. चौकोन दुसरीकडे आखायचा तर लागेल म्हणून की काय, तिने तो टाकला नव्हता.