पहिल्या फेरीचा नारळ

आमच्या डहाणूच्या किनाऱ्यावर विधवेच्या हातचा मासा चालतो, तिचं तोंड चालत नाही. मसोली गावातल्या बाया माझ्या पाटीतले बोंबील निवडताना माझा नवरा जिवंत आहे का, असं कधी विचारत नाहीत. पण होडी पाण्यात ढकलायची वेळ झाली की मी घरात, दार लावून. माझी नजर पडली तर म्हणे जाळं रिकामं येतं. ह्यांची जाळी फाटकी, आणि दोष माझ्या डोळ्यांचा!

साठ साली, नारळी पौर्णिमा झाल्यावर, माझा मोतीराम पहिल्यांदा समुद्रावर निघाला. पहिल्या फेरीला आईने आपल्या हाताने पोराला नारळ द्यायचा आणि त्याने तो पाण्यात सोडायचा, अशी आमच्या घरातली रीत. माझं एकुलतं एक पोर. नारळ मीच देणार, कोण अडवतो बघते, असं मी सगळ्या आळीला ओरडून सांगितलं होतं.

भरवसा होता तो देवकीवर. ती माझ्याही आधीची विधवा. तिला पहिल्यांदा घरात बसवलं तेव्हा तिने लाथेने दार उघडलं होतं आणि किनाऱ्यावर उभं राहून एकेकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. अशी बाई माझ्या पाठीशी उभी राहणार नाही तर कोण?

सकाळी नारळ घेऊन निघाले, तर देवकीच माझ्या दारात आडवी.

"आत जा गो जमना."

"कोणी पाठवलं तुला? तांडेलाने?"

"कोणी नाय. सांगायला कोण कशाला पायजे? आपल्याला आपलं कळत नाय का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं गावाने हिला अपशकुनी म्हटलं, आणि आता ही गावाची राखण करत होती, तीही फुकटात. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. मी तिला ढकललं आणि तरातरा किनाऱ्यावर गेले.

सगळे बघायला लागले. होडीचा प्रमुख, चिमण तांडेल, होडीला हात लावून उभा होता. त्याच्यासाठी मी निवडक शिव्या जमवून ठेवल्या होत्या.

त्याने नुसता घसा खाकरला. "दे गो लवकर. भरती थांबायची नाय."

मोतीरामने हात पुढे केला. "आये, दे."

आणि मला माझे हात दिसले. ओकेबोके, बांगड्या नसलेले. खरंच पोराचं काही झालं तर? कोणी नको म्हणत नव्हतं, तरी सगळ्यांचं नको मला ऐकू येत होतं. माझी जाऊ हंसा शेजारीच उभी होती, कपाळभर कुंकू लावून. मी नारळ तिच्या हातात कोंबला.

"तू दे."

"आये, तूच दे ना!" मोतीराम ओरडला.

"काकीच्या हातून घे," मी म्हणाले आणि मान खाली घातली.

त्याने घेतला. माझ्याकडे न बघता होडीत चढला. होडी लांब गेली तशी देवकी मागून आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "शहाणी गो तू."

तिचं नरडं दाबावंसं वाटलं मला. पण खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं होतं.