लोरेनच्या फोटोला हार

गिरजाबाईंचं म्हणजे असं, आधी हात चालायचे आणि मग डोकं. अमेरिकेत शॉमबर्गला मुलाकडे येऊन फार दिवस झाले नव्हते, इंग्रजीचा गंध नव्हता, तरी खालच्या मजल्यावरच्या व्हर्नाशी त्यांची गट्टी जमली. व्हर्ना इथल्या मूळच्या लोकांपैकी, ओजिब्वे जमातीची. गोरे आले त्याच्या कितीतरी आधीपासून हा मुलूख तिच्या माणसांचा. कपडे धुवायच्या खोलीत दोघींची ओळख झाली आणि खुणांवर भागू लागलं.

व्हर्नाच्या भिंतीवर तिच्या लेकीचा, लोरेनचा, मोठा फोटो होता. गिरजाबाईंच्या घरी फ्रेम होऊन भिंतीवर गेलेलं माणूस म्हणजे जग सोडून गेलेलं माणूस. बाबासाहेब तिथे, मालकही तिथेच. एवढी तरणी पोर गेली आणि फोटोला चार फुलंही नाहीत, याचं त्यांना फार वाईट वाटे. मग एक दिवस सून सुजातानं दुकानातून शेवंती आणली, तशी त्यांनी ती ओवली आणि खाली जाऊन फोटोला हार घातला.

व्हर्नाचा चेहरा पडला. तिनं हार काढून गिरजाबाईंच्या हातात दिला आणि पाठ फिरवली. भलतंच काहीतरी झालं, हे कळायला भाषा लागत नाही. त्या धापा टाकत वर गेल्या आणि सुजाताला घेऊन आल्या.

सुजातानं हाराचा अर्थ सांगून माफी मागितली. मग व्हर्ना बोलत गेली, ते ती सासूला सांगत गेली. एक्क्याऐंशी साली लोरेन कामावरून निघाली, ती घरी पोचलीच नाही. गाडी रस्त्याकडेला सापडली, सीटवर रक्त होतं. तरी पोलीस म्हणाले, तुमच्यातल्या मुली जातात अशा कुणाबरोबर, आणि हात झटकून मोकळे झाले. व्हर्ना अजून ठाण्यात जाऊन बसते. तिथला साहेब हल्ली तिला म्हणतो, बाई, ती मेली असं धरून चाला.

“मी तसं धरलं,” व्हर्ना म्हणाली, “की तिला शोधणारं कुणीच उरणार नाही.”

ते मराठीत ऐकलं आणि गिरजाबाई मटकन खाली बसल्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्यांची थोरली बहीण कौतिका पाटलाच्या मळ्यात गवताला गेली, ती परतली नव्हती. फौजदार तेव्हा असंच बोलला होता. पुढे बापानं तिच्या नावानं जेवण घातलं, लोक जेवून गेले आणि कौतिका मेली असं ठरलं. लहानगी गिरजा संध्याकाळी मळ्याच्या वाटेकडे बघत उभी राहायची. मेलेल्याची वाट बघू नये म्हणून घरचे तिला रागवायचे. मोठेपणी तिनं बहिणीचं नावही काढलं नाही. पोटच्या मुलालासुद्धा आपल्याला मावशी होती हे ठाऊक नव्हतं. आज ती वाट आठवली आणि गिरजाबाई व्हर्नाच्या दाराकडे बघत राहिल्या.

“आई, काय होतंय?” सुजातानं विचारलं.

“तिले सांग,” गिरजाबाई म्हणाल्या, “माही थोरली बहीन बी अजून यायची आहे.”